ताटीबाहेरचा आवाज

(१)

आषाढीच्या दिवसांत संत तुकारामांची पालखी पुण्यातील मुक्काम आटोपून सोलापूरच्या रस्त्याला लागते आणि लोणी काळभोरला मुक्काम करते. तीन शतकांहून अधिक जुन्या या वारीत चालणाऱ्यांना अलीकडे त्या परिसरात एक नवे शिखर दिसू लागले आहे. मुळा-मुठेच्या काठी, राजबाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, एका विद्यापीठाच्या आवारात प्रचंड घुमट उभा आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. त्याचा व्यास १६० फूट आहे. रोमच्या संत पेत्र महामंदिराचा घुमट आपल्यापैकी अनेकांनी चित्रांतून आणि काहींनी प्रत्यक्ष पाहिला असेल. लोणीचा घुमट त्याहूनही रुंद आहे. आत संत, तत्त्वज्ञ आणि शास्त्रज्ञ यांचे पुतळे एकत्र उभे आहेत. ज्या विद्यापीठाचे हे आवार, त्याच्या नावातच कला, रचना आणि तंत्रविज्ञान या तिन्ही गोष्टी आहेत. उद्याचे विद्यापीठ कसे दिसेल असे कोणी विचारले, तर बोट दाखवावे असे हे स्थान आहे.

या घुमटाला नाव दिले आहे संत ज्ञानेश्वरांचे. ते वाचून मी थबकलो. ज्यांच्या नावाने हे ज्ञानमंदिर उभे राहिले, त्या ज्ञानदेवांना त्यांच्या काळच्या विद्वत्सभेने कसे वागवले होते? मराठी भाषेतील पहिला प्रज्ञावंत विद्यार्थी जातीबाहेर टाकलेला होता, त्याची चारचौघांत टवाळी झाली होती आणि एके दिवशी तो दार लावून आत बसला होता. आपण ही कथा लहानपणापासून ऐकतो. परंतु ती एका छळलेल्या विद्यार्थ्याची कथा म्हणून क्वचितच वाचतो.

प्रस्तुत लेखाचा रोख कोणत्याही एका संस्थेवर नाही. घुमटावरील नावामुळे सुचलेले हे वाचन आहे. जून-जुलैत आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली ट्रंका भरून वसतिगृहांकडे निघतात. कोणी वसईच्या वाडीतून, कोणी नगरकडच्या खेड्यातून, कोणी मुंबईच्या चाळीतून. त्यांची बोली, आडनाव, गळ्यातला क्रूस, फीमाफीचा अर्ज, यांपैकी काहीही तेथे कुणाच्या तरी हसण्याचा विषय होऊ शकते. अशा मुलाच्या हाती मराठी साहित्याने काय दिले आहे, आणि आपण ते नीट वाचले आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

(२)

प्रथम पैठणची कथा घेऊ. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने तो सोडून ते पुन्हा संसारात आले. त्यानंतर झालेली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडे ‘संन्याशाची पोरे’ ठरली. परंपरा सांगते की आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त स्वीकारले, तरीही मुलांची सुटका झाली नाही. त्यांनी पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणावे, असे त्यांना सांगण्यात आले. आजच्या शब्दांत म्हणावयाचे तर त्यांना दाखला हवा होता. पैठण हे त्या काळचे विद्यापीठच होते. त्याच्या दाराशी चार पोरकी मुले अर्ज घेऊन उभी राहिली.

पुढचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. जवळून एक रेडा चालला होता. त्याचेही नाव ज्ञाना आहे, असे कुणीतरी म्हणाले आणि सभेत हशा पिकला. माणसाच्या नावाची जनावराच्या नावाशी सांगड घालून हसणे हा छळाचा अत्यंत जुना प्रकार आहे; आजच्या कोणत्याही वसतिगृहातील मुलाला तो चटकन ओळखू येईल. त्यावर ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला, रेड्याच्या मुखातून वेद उमटले आणि सभा नमली.

हा चमत्कार घडला की नाही, या वादात मला शिरावयाचे नाही. समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ही कथा सांगताना आपण कोणत्या ठिकाणी टाळी वाजवतो? रेडा बोलतो तेथे. परंतु त्या सभेने घातलेली अट आपण मुकाट्याने मान्य केलेली असते, हे आपल्या लक्षात येत नाही. अट अशी की परक्या मुलाने आमच्यात बसायचे असेल, तर आधी अघटित काही करून दाखवावे. गावातल्या इतर मुलांना हे करावे लागत नव्हते. त्यांनी जन्म घेतला एवढे पुरे होते.

ही अट आजही मोडलेली नाही. वस्तीवरचा मुलगा बोर्डात पहिला आला की वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते, आपण त्याचा सत्कार करतो, आणि त्या सत्काराचा अर्थ न बोलता एवढाच असतो की याने रेडा बोलवून दाखवला. ज्याला पंचावन्न टक्के मिळाले, जो हुशार नाही आणि परकाही आहे, त्याच्या वाट्याला काय येते? त्याचे चरित्र कोणी लिहीत नाही. प्रज्ञावंत उपऱ्याच्या कथा आपल्याला आवडतात याचे एक कारण हे असू शकेल की त्याची प्रज्ञा आपल्याला आपल्या क्रौर्याचा विचार करण्यापासून वाचवते. तो जिंकला, म्हणजे फारसे काही बिघडले नव्हते, असे आपण स्वतःला सांगतो.

(३)

पैठणच्या कथेहून मला ताटीच्या अभंगांचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो, कारण तेथे चमत्कार नाही. आळंदीत कुणीतरी ज्ञानदेवांचा अपमान केला. तो नेमका कोणी, कोणत्या शब्दांत केला, हे परंपरा फारसे सांगत नाही. छळ करणाऱ्यांची नावे बहुधा विसरली जातात. ज्ञानदेव झोपडीत शिरले, ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. ज्यांच्या नावावर पुढे ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘अमृतानुभव’ यांसारखे ग्रंथ आहेत, ते एका टोमण्याने इतके घायाळ झाले. आपल्या संतपरंपरेने ही गोष्ट झाकून ठेवली नाही, हे तिचे मोठेपण. अपमानाने दुखावणे हा दुबळेपणा नाही, हे या प्रसंगाने कायमचे सांगून ठेवले आहे.

मग धाकटी बहीण दाराशी येते. मुक्ताबाईंच्या नावे प्रसिद्ध असलेले हे अभंग म्हणजे बंद दाराबाहेरून केलेली विनवणी आहे. त्यांत समजावणे आहे, आर्जव आहे, थोडे दटावणेही आहे. योगी कसा असावा, त्याने जगाचा राग कसा पोटात घालावा, असा त्यांचा आशय आहे. प्रत्येक विनवणीचा शेवट दार उघडण्याच्या मागणीत होतो.

येथेच आपल्या वाचनात एक चूक शिरते, असे मला वाटते. आपण हे अभंग सहनशीलतेचा उपदेश म्हणून वाचतो. घरी आलेल्या मुलाने ‘मला तिथे त्रास देतात’ असे सांगितले की आपण म्हणतो, ‘सोडून दे, मोठ्या मनाने क्षमा कर, तू तुझ्या अभ्यासाकडे बघ.’ आपल्याला वाटते, मुक्ताबाईंनी तरी दुसरे काय सांगितले?

परंतु शब्द कोणाच्या तोंडचे आहेत, हे पाहिल्याशिवाय कवितेचा अर्थ लागत नाही. मुक्ताबाई स्वतः ‘संन्याशाचे पोर’ आहेत. जो शब्द भावाला लागला, तो त्यांच्यावरही रोज पडत होता. ज्या उंबऱ्यांवरून भावाला परत पाठवले गेले, तेथून त्यांनाही परत यावे लागले होते. त्यांचा उपदेश वरून आलेला नाही, तो शेजारून आलेला आहे. पैठणच्या सभेतील एखाद्या विद्वानाने दाराशी येऊन तोच अभंग म्हटला असता, तर तो आणखी एक अपमान ठरला असता. ‘राग गिळ’ हे सांगण्याचा अधिकार त्यालाच असतो, ज्याने तो राग स्वतः गिळला आहे.

दुसरी गोष्ट. मुक्ताबाई बोलून निघून जात नाहीत. अभंगामागून अभंग येतो, म्हणजेच दार लगेच उघडले नव्हते. त्या तेथेच उभ्या राहिल्या. अभंगांची संख्या हेच त्यांच्या थांबण्याचे प्रमाण आहे. मला तर या रचनेचा खरा अर्थ उपदेशात नसून या थांबण्यात आहे असे वाटते. आत बसलेल्या माणसाला तत्त्वज्ञान ठाऊक होतेच. ते त्याच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? बाहेर कोणीतरी आहे, एवढे मात्र त्याला आतून कळू शकत नव्हते.

(४)

आता शतके ओलांडून आपल्या काळाकडे येऊ. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले आणि मराठीत आत्मकथनांचा एक प्रवाह मोकळा झाला. त्यातील काही पुस्तकांची नावे एका ओळीत मांडून पाहा. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७), किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४). ही चारही नावे म्हणजे कुणीतरी तुच्छतेने उच्चारलेले शब्द आहेत. लेखकांनी ते उचलून आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापले.

छळाची सुरुवात नाव ठेवण्यापासून होते. मुलाचे स्वतःचे नाव काढून घेतले जाते आणि त्याच्या जागी जात, बोली, रंग, व्यंग किंवा आईचा व्यवसाय यांपैकी काहीतरी चिकटवले जाते. या लेखकांनी तो शब्द झटकला नाही, लपवलाही नाही. तो वाचकाच्या हातात दिला. पुस्तक मागायला ग्रंथालयात गेलेल्या सुशिक्षित वाचकाला तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागला. या एका कृतीने त्या शब्दातील विष किती उतरले हे सांगता येणार नाही, पण ते कोणाच्या जिभेवर होते हे मात्र उघड झाले.

‘संन्याशाची पोरे’ आणि ‘कोल्हाट्याचं पोर’ यांच्यामध्ये सातशे वर्षांचे अंतर आहे. ‘पोर’ हा शब्द मात्र तोच राहिला. मूल कोणाचे, या प्रश्नावरून त्याची लायकी ठरवण्याची रीत तीच राहिली. किशोर काळे यांनी वडिलांच्या नावाच्या जागी आई शांताबाईंचे नाव लावले, हे त्या रीतीला दिलेले सरळ उत्तर होते. नाचगाण्यावर पोट असलेल्या समाजातला हा मुलगा आजोबांच्या घरी उपेक्षेत वाढला आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचला. २००७ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचे अकाली निधन झाले. त्यांचे पुस्तक वाचताना मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटली की या मुलाच्या दाराशी मुक्ताबाई फारशी येतच नाही. ज्या आईने यायचे, तिलाच परिस्थितीने दूर नेलेले आहे. मुलगा आतूनच ताटीला धक्के देत राहतो.

‘उपरा’मध्ये हेच दुःख दुसऱ्या अंगाने येते. टोपल्या विणत गाढवांवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शाळेत शिरतो. वर्गात तो परका असतोच. पण जसजसा शिकत जातो, तसतसा आपल्या माणसांतही परका होत जातो. शिक्षणाची ही दुसरी किंमत पालकांनी समजून घेण्यासारखी आहे. १९८१ साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार देणाऱ्या समाजाने त्यातील वर्गखोली बदलली काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

या आत्मकथनांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो असा की त्यांत तक्रार फार आहे, दुःखाचे प्रदर्शन आहे, कलात्मक संयम नाही. मला हा आक्षेप पटत नाही. तक्रार ऐकून घेणारी जागा जेथे नसते, तेथे तक्रारीला साहित्याचा आश्रय घ्यावा लागतो. ही पुस्तके म्हणजे आतून उघडलेली ताटी आहे. दार उघडताना ते करकरले, म्हणून उघडणाऱ्याला दोष देणे शोभत नाही.

(५)

ज्ञानदेवांचे शतक युरोपातही मोठ्या विद्यापीठांचे शतक होते. संत थॉमस अक्वायनस यांचे १२७४ साली निधन झाले आणि प्रचलित मतानुसार पुढच्याच वर्षी ज्ञानदेव जन्मले. इटलीतून कोलोन येथे शिकायला गेलेला थॉमस अंगाने स्थूल आणि अबोल होता. सहाध्यायी त्याला ‘मुका बैल’ म्हणत. पैठणचा रेडा आणि कोलोनचा बैल! टवाळखोरांच्या कल्पनाशक्तीची झेप सर्वत्र सारखीच असते, असे दिसते. थॉमस हा उमराव घराण्यातला होता. ज्ञानदेवांसारखा बहिष्कृत नव्हता. तरी परदेशातल्या वर्गात तो एकटा होता हे खरे.

त्या कथेत एक वेगळा आवाज आहे. थॉमसचे गुरू संत आल्बर्ट यांनी भर वर्गात विद्यार्थ्यांना सुनावले की या बैलाचा हंबरडा एके दिवशी सर्व जगात ऐकू जाईल. आपण ही गोष्ट भविष्यवाणी म्हणून सांगतो. मला ती शिक्षकाची कृती म्हणून महत्त्वाची वाटते. मुक्ताबाईंना सभेत स्थान नव्हते. त्या दाराशी उभ्या राहण्यापलीकडे काही करू शकत नव्हत्या. आल्बर्ट यांना व्यासपीठ होते आणि त्यांनी ते वापरले. थॉमसला बाजूला बोलावून ‘मनावर घेऊ नकोस’ असे त्यांनी सांगितले नाही. जे हसत होते त्यांच्याशी ते बोलले.

या ठिकाणी मला एक कबुली द्यावीशी वाटते. माझ्या विद्यार्थिदशेत, एका वसतिगृहात, आमच्यात आदिवासी पाड्यावरचा एक मुलगा होता. गणितात तो आम्हा सर्वांच्या पुढे होता. त्याची बोली आम्हाला वेगळी वाटे. त्याने एकदा बोललेले एक वाक्य आम्ही महिनोन्‌महिने त्याच्याच चालीत म्हणत असू. मी पुढाकार घेतला नव्हता, पण मी हसलो होतो, आणि हसणाऱ्यांची संख्या हीच अशा खेळाची शक्ती असते. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला आणि परत आला नाही. ‘त्याला झेपले नाही,’ असे आम्ही म्हणालो. पुढे कितीतरी वर्षे मीही तसेच मानत होतो. ताटीचे अभंग प्रौढ वयात पुन्हा वाचले तेव्हा ध्यानात आले की त्याच्या दाराशी आमच्यापैकी एकही जण गेला नव्हता. तेथे कोणी मुक्ताबाई नव्हती आणि कोणी आल्बर्टही नव्हते. ते वसतिगृह भाविक होते. संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नाही.

अल्पसंख्य समाज म्हणून आपण स्वतःला उपऱ्याच्या जागी ठेवून या कथा वाचतो. ते स्वाभाविक आहे. परंतु जेथे आपण बहुसंख्य असतो, आपल्या शाळांत, आपल्या वाडीत, आपल्या युवक मंडळात, तेथे आपण कोणाच्या जागी असतो, हेही विचारले पाहिजे.

(६)

मग क्षमेचे काय? ख्रिस्ती वाचकाला हा प्रश्न टाळता येणार नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आठवावी. स्वप्ने पाहणारा, बुद्धिमान धाकटा भाऊ. थोरल्या भावांनी त्याची थट्टा केली, त्याचा झगा काढून घेतला, त्याला विहिरीत टाकले आणि शेवटी विकले. पुढे मिसरात तो अधिकारी झाला आणि त्याने भावांना क्षमा केली. एवढे आपण सांगतो. मधला भाग मात्र आपण घाईने उरकतो. भाऊ समोर आल्याबरोबर योसेफाने क्षमा केलेली नाही. त्याने स्वतःची ओळख दिली नाही, त्यांची परीक्षा पाहिली. ते आपसात जुना अपराध कबूल करतात हे त्याने ऐकले. ज्या यहूदाने त्याला विकण्याची सूचना केली होती, तोच यहूदा बेन्यामिनाऐवजी स्वतः गुलाम होण्यास पुढे आला. तेव्हा योसेफाला रडू आवरले नाही आणि त्याने स्वतःची ओळख दिली. क्षमा त्याच्या मनात आधीपासून असेल. पण समेट घडला तो छळणारे बदलल्यानंतर.

आपल्या मराठी परंपरेतही हा धागा आहे, पण त्यावर फारसा प्रकाश पडत नाही. लोणी काळभोरहून फार दूर नसलेल्या वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांनी तुकारामांच्या अभंगरचनेला विरोध केला. शूद्राने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगू नये, असे त्यांचे म्हणणे. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. त्या वह्या तरल्या, हे आपण आवर्जून सांगतो. पण परंपरा पुढे असेही सांगते की रामेश्वर भट्टांना पश्चात्ताप झाला आणि ते तुकारामांचे शिष्य झाले. आळंदीत त्या भावंडांचा छळ करणारे विसोबा चाटी हेही पुढे बदलले. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर ते हेच, असे मानले जाते. वह्या तरणे हा चमत्कार असेल, तर विद्येचा अहंकार असलेल्या माणसाने आपली चूक जाहीरपणे मान्य करणे हा त्याहून मोठा चमत्कार आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या शेवटच्या प्रार्थनेतही दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा, एवढेच मागणे आहे. ही प्रार्थना ज्याच्यावर समाज हसला त्याने लिहिली, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे वजन कळते. तिचा रोख छळणाऱ्याच्या बदलावर आहे. सोसणाऱ्याने सोसतच राहावे, असे ती सांगत नाही.

(७)

साहित्याने जे हळुवारपणे सांगितले, ते कायद्याने रोखठोक सांगितले आहे. १९९९ साली महाराष्ट्राने रॅगिंगला मनाई करणारा कायदा केला. दोषी ठरलेल्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचे असे की तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची आहे. त्याने हयगय केली, तर अपराधाला साहाय्य केल्याचा दोष त्याच्यावर येतो. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेही देशभरासाठी नियम केले. म्हणजे आल्बर्ट यांनी स्वेच्छेने केले, ते आता कर्तव्य ठरले आहे.

तरीही २२ मे २०१९ हा दिवस महाराष्ट्राच्या वाट्याला आला. डॉ. पायल तडवी ही जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली सव्वीस वर्षांची मुलगी. मिरजेत वैद्यकीय पदवी घेऊन ती मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आली होती. वसतिगृहातील खोलीत तिने आपले जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर ठेवण्यात आला. न्यायनिवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे आणि लेखकाने त्यात बोलू नये. परंतु तिच्या आईने, आबेदा तडवी यांनी, पुढे जे केले त्याबद्दल बोलता येते. हैदराबादच्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आईसोबत, राधिका वेमुला यांच्यासोबत, त्या २०१९ सालीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाला आळा घालणारी परिणामकारक व्यवस्था असावी, असे त्यांचे मागणे होते. आपापल्या मुलांची दारे कायमची बंद झाल्यावर या दोन माता इतरांच्या मुलांच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

पायलला रेडा बोलवून दाखवायचा राहिला नव्हता. जळगावकडून निघून डॉक्टर होणे, आणि मग पदव्युत्तर प्रवेश मिळवणे, याहून अधिक आणखी काय करून दाखवायचे? प्रज्ञा मनुष्याला छळापासून वाचवत नाही. किंबहुना कधी कधी तीच छळाचे निमित्त होते.

(८)

लोणीच्या घुमटाखालून दरवर्षी शेकडो तरुण पदव्या घेऊन बाहेर पडतील. असेच नवे आवार आता पुण्याभोवती अनेक ठिकाणी उभे राहत आहेत. तेथे यंत्रे नवी असतील, वर्गखोल्या काचेच्या असतील. परंतु वसतिगृहाची खोली तीच असते आणि तिचे दार आतूनच लागते. ज्ञानदेवांचे नाव घेणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. आमच्या आवारात ताटी लावून बसलेला मुलगा कोणाला दिसतो? आणि तो साधा, सामान्य बुद्धीचा मुलगा असेल तर?

पालकांना माझी एक विनंती आहे. मूल वसतिगृहाकडे निघण्यापूर्वी एक संध्याकाळ काढावी आणि ताटीचे अभंग एकत्र बसून वाचावेत. ‘उपरा’ किंवा ‘कोल्हाट्याचं पोर’ त्याच्या ट्रंकेत ठेवावे. सुट्टीत ते परत आले की ‘तुला तिथे कोणी त्रास देते का?’ असे आपण विचारतोच. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्नही विचारावा: ‘तुमच्यात कोणावर सगळे हसतात? त्याच्या खोलीत तू कधी जाऊन बसलास का?’